मगर पालीपेक्षा कोंबडीला जवळची : सजीवांची भाऊबंदकी ठरते कशी?

पावसाळा सरत आला की वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते : ‘सह्याद्रीत नव्या प्रजातीचा शोध’. कधी पाल असते, कधी बेडूक, कधी गवतात लपलेलं बोटभर फूल. बातमी वाचून निम्म्या लोकांना अभिमान वाटतो. उरलेले म्हणतात, ‘हे तर आमच्या रानात कायमच असतं, यात शोध कसला लावला?’

दुसऱ्या गटाचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेलं की पवनचक्क्या लागतात, ते चाळकेवाडीचं पठार. तिथं दगडाखाली एक छोटी पाल राहते. भिंतीवर चढणारी नव्हे, जमिनीवरच वावरणारी. गुराख्यांनी ती पिढ्यानपिढ्या पाहिली असणार. तरी तिला शास्त्रीय नाव मिळालं २००८ मध्ये. वरद गिरी आणि आरन बाउअर या संशोधकांनी ते ठेवलं : हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस, म्हणजे साताऱ्याची. मग २००७ पर्यंत ती कोण होती?

होती तीच. फक्त ‘ही इतर सगळ्या पालींपेक्षा वेगळी आहे’ असा दावा पुराव्यानिशी कुणी मांडला नव्हता. प्रजातीचं नाव म्हणजे असा दावा असतो. तो तपासता येतो, खोडता येतो, दुरुस्तही करता येतो. एवढं लक्षात ठेवलं की या विषयातले बरेचसे घोळ आपोआप सुटतात.

दावा मांडायचा म्हणजे काय करायचं?

पाल वेगळी ‘वाटते’ म्हणून भागत नाही. ती उताणी करून भिंगाखाली धरायची. नराच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला खवल्यांच्या एका ओळीत बारीक छिद्रं असतात. ती दोन्ही मांड्यांवरची मोजायची, मधले किती खवले कोरे सुटलेत तेही मोजायचं. बोटांखालच्या आडव्या पट्ट्या मोजायच्या. ओठाकडेचे खवले मोजायचे. पाठीवरचे उंचवटे ओळीत आहेत की विस्कटलेले, ते लिहायचं. हे सगळं एकाच पालीवर करून चालत नाही, कारण एखादं जनावर मुळातच जरा निराळं निघू शकतं. त्यामुळे नर, मादी, पिल्लं असे शक्य तितके नमुने पाहायचे. मग हे आकडे आजवर नाव मिळालेल्या जवळच्या प्रत्येक पालीशी ताडायचे, आणि त्यासाठी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बाटलीत घातलेले नमुने कुठल्या कुठल्या संग्रहालयात शोधत बसायचं. काम किचकट आहे आणि त्यात रोमांच फारसा नाही.

शेवटी एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. त्याला मूळ नमुना म्हणू. पुढं पन्नास वर्षांनी वाद निघाला की निवाडा त्या बाटलीपाशी होतो.

वनस्पतींचंही असंच, फक्त बाटलीऐवजी कागदावर दाबून वाळवलेलं झाड. कासच्या पठारावर पाणथळ जागी गुलाबी, दोन फाट्यांचा तुरा येतो तो वायतुरा. त्याचं वर्णन १९८२ मध्ये झालं आणि नाव पडलं ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. २०११ संपेपर्यंत नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये देण्याची सक्ती होती. म्हणजे साताऱ्याच्या डबक्यातलं फूल, अभ्यासणारी माणसं इथलीच, आणि वर्णन रोमन लोकांच्या भाषेत!

नावाचे दोन भाग असतात, ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियसनं रूढ केली. वनस्पतींची नावं त्याच्या १७५३ च्या ग्रंथापासून मोजतात, प्राण्यांची १७५८ पासून. दुसरा भाग प्रजातीचा, पहिला भाग जवळच्या प्रजातींच्या गटाचा. या गटाला जीनस म्हणतात. जीनसच्या वर कुल, त्यावर गण, वर्ग, संघ आणि सृष्टी. शाळेत हे पाठ करून घेतात आणि परीक्षेनंतर मुलं विसरतात, त्यात काही बिघडत नाही. या लेखापुरते प्रजाती, जीनस आणि कुल हे तीनच शब्द पुरे.

धामण ही नागाची मादी आहे का?

शिराळ्याची नागपंचमी आपल्याकडची. तरी सांगली जिल्ह्यात आजही छातीठोकपणे सांगणारे भेटतात की धामण म्हणजे नागाची मादी. बांधावर दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दिसले की ‘नाग-धामणीचं लागलंय’ म्हणून लोक लांबून हात जोडतात. बहुतेक वेळा त्या दोन्ही धामणी असतात, आणि त्याही दोन्ही नर. मादीसाठी चाललेली ती कुस्ती असते.

नाग आणि धामण या दोन प्रजाती तर आहेतच, त्यांची कुलंही वेगळी आहेत. नागाचं कुल मण्यारीचं. मण्यार फणा काढत नाही, अंगानं बारीक, काळीनिळी, अंगावर पांढरे पट्टे, पण नागाची खरी नातलग ती. धामण त्या कुलाच्या बाहेरची.

दोन जीव एकाच प्रजातीचे की नाही, हे ठरवण्याची सगळ्यांत गाजलेली कसोटी अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञानं १९४२ मध्ये मांडली : निसर्गात जे जीव आपापसांत वीण करतात आणि ज्यांची पिल्लंही पुढं वीण करू शकतात, ते सगळे एका प्रजातीचे. यातला दुसरा भाग महत्त्वाचा. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होतं, धडधाकट होतं, पण खेचराला पुढं पोरं होत नाहीत. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रं असतात, गाढवाच्या ६२. गुणसूत्र म्हणजे आनुवंशिक माहिती वाहून नेणारा धागा. खेचराच्या वाट्याला ६३ येतात, त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि घोडं तिथं अडतं.

आपल्या गोठ्यातलं उदाहरण बघा. खिलार आणि जर्सी या दिसायला दोन टोकं. एकीला वशिंड, उभी लांब शिंगं. दुसरीची पाठ सपाट, शिंगं आखूड. तरी दोन्हींची गुणसूत्रं ६०, संकरित कालवड होते आणि ती पुढं गाभणही राहते. म्हैस मात्र त्याच दावणीला बांधलेली, तोच कडबा खाणारी, आणि पंढरपुरी म्हशीची गुणसूत्रं ५०. गाय आणि म्हैस यांचं रेडकू-वासरू कधी होत नाही. दिसण्यातला फरक आणि प्रजातीतला फरक यांची गाठ बांधू नये ती यासाठी. (खिलार आणि जर्सी यांना एका प्रजातीच्या दोन शाखा मानायचं की दोन प्रजाती, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. वशिंडाची आणि बिनवशिंडाची गुरं माणसानं वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या रानगुरांपासून माणसाळवली.)

हळद, ऊस आणि स्ट्रॉबेरी : कसोटी फसते ती इथं

मायरची कसोटी हळदीच्या रानात नेली की तिची पंचाईत होते. सांगलीच्या बाजारात येणारी राजापुरी काय किंवा सेलम काय, हळद लावतात ती बेण्यापासून. फुलाचा दांडा येतो, पण बी जवळपास धरतच नाही. कारण हळदीची गुणसूत्रं आहेत ६३, म्हणजे २१ चे तीन संच. जोड्या लावायला दोन संच हवेत. तीन असले की एक उरतोच. जिथं वीणच नाही तिथं ‘आपापसांत वीण करणारे’ ही व्याख्या लावायची कशी?

उसानं उलटी अडचण केली आहे. आज आपल्या शिवारात उभा असलेला ऊस, को ८६०३२ असो की पाडेगावच्या संशोधन केंद्रातून आलेला २६५, एका प्रजातीचा नाहीच. जाड, गोड, पण रोगाला बळी पडणारा जुना ऊस आणि नदीकाठी माजणारं, तुऱ्याचं, काटक रानगवत या दोन प्रजातींचा संकर कोइमतूरच्या केंद्रात १९१० च्या दशकात झाला. आजचे वाण त्या वंशातले. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तर दोन अमेरिकी प्रजातींची लेक; त्या दोघी अठराव्या शतकात फ्रान्समधल्या बागांत शेजारी आल्या आणि संकर होऊन बसला. तिला पुढं बी धरतं, रोपं उगवतात. जिवाणू तर याहून अवखळ. ते शेजाऱ्याला, अगदी परक्या प्रजातीच्या शेजाऱ्यालाही, आपली जनुकं देऊन टाकतात.

म्हणून जीवशास्त्रज्ञ एकच कसोटी धरून बसत नाहीत. वीण होते का, शरीराची ठेवण सारखी आहे का, वंश एक आहे का, राहण्याची जागा आणि सवयी वेगळ्या आहेत का, असं सगळं मिळून ठरवतात. हे ऐकून लोक म्हणतात, ‘म्हणजे तुमचं काही नक्की नाही.’ मला हा आक्षेप उलटा वाटतो. चार्ल्स डार्विननं १८५९ मध्ये मांडलं तसं प्रजाती हळूहळू एकमेकींपासून वेगळ्या होत असतील, तर अर्धवट वेगळं झालेलं काहीतरी आज सापडायलाच हवं. सगळ्या प्रजातींच्या कडा कापल्यासारख्या स्वच्छ असत्या, तर उत्क्रांतीवरच शंका घ्यावी लागली असती.

मगर, पाल आणि कोंबडी

आता शीर्षकातल्या गोष्टीकडे. कृष्णेला मगरी आहेत हे भिलवडी, औदुंबरच्या बाजूच्या लोकांना सांगायला नको. काठावर ऊन खात पडलेली मगर पाहिली की कुणीही म्हणेल, ही पालीची थोरली बहीण. चार आखूड पाय बाजूला काढलेले, खवलेदार पाठ, लांब शेपूट, थंड रक्त. पण वंशावळ पाहिली तर मगरीचं सगळ्यांत जवळचं जिवंत नातं पक्ष्यांशी आहे. पाल त्या दोघांनाही लांबची. पालीचं जवळचं नातं सापाशी.

हे पटायला जड जातं, कारण आपण नातं चेहऱ्यावरून लावतो. आपल्या भागात हेळवी येतात. बैलावर चोपड्या लादून गावोगाव फिरायचं आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवायच्या, हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. त्या चोपडीत कुणाचं नाक कुणावर गेलंय हे लिहिलेलं नसतं. कोण कुणाचा मुलगा, एवढंच असतं. दोन चुलत भावांची तोंडं एकमेकांसारखी असोत नसोत, पणजोबा एक म्हटल्यावर ते भाऊबंद. आजचं जैविक वर्गीकरण या चोपडीसारखं आहे. अडचण एकच, सजीवांची चोपडी कुणी लिहून ठेवलेली नाही. ती आजच्या पोरांकडे पाहून उलटी रचत जायची.

ती रचण्याची शिस्त जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यानं १९५० मध्ये घालून दिली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : दोन जीवांत सारखेपणा दिसला की आधी विचारायचं, हा सारखेपणा जुना की नवा? चार पाय, खवल्यांची कातडी, बाहेरच्या उन्हावर तापणारं शरीर हे सगळं फार जुनं. मगर, पाल, पक्षी यांच्या सामाईक पूर्वजाकडेच ते होतं. मगरीनं आणि पालीनं ते राखलं, पक्ष्यांनी बदललं. त्यामुळे मगर-पाल सारख्या दिसतात याचा अर्थ एवढाच की दोघी फारशा बदलल्या नाहीत. त्यावरून नातं सिद्ध होत नाही.

नातं सांगतो तो नवा सारखेपणा, जो पुढच्या एखाद्या पूर्वजात उपजला आणि फक्त त्याच्या वंशजांत उतरला. मगरीच्या हृदयाला चार कप्पे असतात, कोंबडीसारखे. पालीच्या हृदयाला तीन. मगरीण घरट्याची राखण करते. पिल्लं अंड्याच्या आतूनच आवाज द्यायला लागतात, तो ऐकून ती वाळू उकरते आणि पिल्लांना अलगद तोंडात धरून पाण्यात नेते. खुडुक कोंबडीखालची अंडी कानाला लावणाऱ्याला हा आतून येणारा आवाज ओळखीचा असेल. पाल अंडी चिकटवून निघून जाते.

यावर चलाख वाचक लगेच अडवेल : चार कप्प्यांचं हृदय तर गायीलाही असतं, मग गाय मगरीची नातलग का नाही? अडवणं बरोबर आहे. सस्तन प्राण्यांत चार कप्पे स्वतंत्रपणे तयार झाले. एकाच खुणेवर कधी भरवसा ठेवत नाहीत ते यामुळेच. कवटीची हाडं, दातांची बसण, जीवाश्म आणि डीएनए हे सगळे साक्षीदार एकाच बाजूनं बोलतात का ते पाहतात. मगरीच्या बाबतीत ते बोलले. मगर, सुसर आणि ॲलिगेटर यांच्या गटातल्या तीन प्रजातींचे संपूर्ण जनुकसंच २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनीही तेच सांगितलं. मगरी आणि पक्षी यांचा सामाईक पूर्वज सुमारे २४ ते २५ कोटी वर्षांपूर्वीचा. पालीची शाखा त्याच्याही आधी फुटलेली. डायनोसॉर याच भाऊबंदकीतले, आणि पक्षी हे त्यांचे वंशज.

‘मग शाळेत सरपटणारे प्राणी हा वेगळा वर्ग शिकवतात तो चुकीचा का?’ ओळखायला सोपा म्हणून ठीक. पण मगर, साप, पाल, कासव यांना एका वर्गात घालून पक्ष्यांना बाहेर ठेवणं म्हणजे मुंबईला जाऊन कोट घालायला लागला म्हणून एका भावाचं नाव चोपडीतून खोडण्यासारखं आहे.

दिसण्यानं फसण्याची उलटी तऱ्हा माणदेशात बघायला मिळते. बांधावर फड्या निवडुंग असतो आणि कुंपणाला तीन धारांचा निवडुंगही असतो. दोन्ही मांसल, दोन्ही काटेरी, दोन्हींना पानं नावापुरती. फड्या अमेरिकेतून आलेला, कॅक्टसच्या कुलातला. त्रिधारी मोडला की पांढरा चीक येतो, आणि तो आहे एरंडाच्या कुलातला. काटेही जवळून पाहा : फड्यावर ते लवदार ठिपक्यातून झुबक्यानं निघतात, त्रिधारीवर धारेवर जोडीजोडीनं. पाण्याच्या ओढगस्तीनं दोन परक्या घरांना एकाच वळणावर आणलं, इतकंच.

आणि अळंबी? ती भाजीवाल्याकडे मिळते म्हणून वनस्पती नव्हे. बुरशी आणि अळंबी यांची शाखा वनस्पतींपेक्षा प्राण्यांना, म्हणजे तुम्हा-आम्हाला, जवळची आहे.

‘माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी?’

हा प्रश्न महाबळेश्वरच्या पॉइंटवर हातातलं कणीस पळवलं गेल्यावर हटकून निघतो. उत्तर त्याच चोपडीत आहे. चुलतभाऊ जिवंत आहे म्हणून मी जन्माला आलो नाही, असं कुणी म्हणत नाही. महाबळेश्वरचं माकड आपला आजोबा नव्हे, लांबचा चुलत. आपला त्याचा सामाईक पूर्वज अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला आणि तो आजच्या माकडासारखाही नव्हता, आपल्यासारखाही नव्हता. चिंपांझी त्या मानानं सख्ख्या चुलतातला. तिथं फाटा फुटून साठ-सत्तर लाख वर्षं झाली असावीत.

नावं सारखी बदलतात ती का?

कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या बाजूला हुंबरळी परिसरात एक भेक सापडला, अंगावर पिवळेधमक डाग असलेला. १९६३ मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं बुफो कोयनायेन्सिस. तेव्हा जगभरातले बरेचसे भेक बुफो याच जीनसमध्ये कोंबलेले असत. पुढं डीएनए तपासल्यावर कळलं की या गर्दीत एकमेकांशी फारसं नातं नसलेलीही मंडळी आहेत. मग ती पांगवली. २००९ मध्ये कोयनेचा भेक आणि आंबोलीचा त्याचा नवा ओळखलेला भाऊ यांना मिळून झँथोफ्राइन हा वेगळा जीनस दिला गेला. अंगणातला आपला नेहमीचा भेकही आता बुफो राहिलेला नाही, त्याला दत्ताफ्रायनस म्हणतात. बेडकांवर आयुष्यभर काम केलेल्या सुशीलकुमार दत्ता यांच्या नावावरून ते आलं.

नाव बदललं म्हणजे आधीचे शास्त्रज्ञ अडाणी होते असं नाही. भेक वेगळा आहे हा १९६३ चा दावा टिकला. कुणाच्या घरातला, याचा पुरावा नंतर आला. नियम असा की जीनस बदलला तरी प्रजातीचा मूळ शब्द सोबत जातो, म्हणून ‘कोयना’ त्या नावातून गेलेली नाही.

आता कुजबुजीनं होणारा आरोप : नाव कमवायला संशोधक एकाचे चार तुकडे पाडतात. कधीकधी पाडतात, खोटं कशाला बोला. चार खवल्यांच्या फरकावर नवी प्रजाती जाहीर झाल्याची उदाहरणं आहेत आणि नंतर ती रद्दही झाली आहेत. पण जोडकामही चालतं. साताऱ्याच्या पालीच्या जवळच्या नातलग टेराटोलेपिस या स्वतंत्र जीनसमध्ये होत्या. डीएनए पाहिल्यावर तो जीनस २००८ मध्येच मोडीत काढून त्यांना हेमिडॅक्टिलसमध्ये घातलं.

वेगळेपण येतं कुठून?

तासगावच्या द्राक्षबागेत उभं राहिलं की याचं अर्धं उत्तर समोर असतं. तास-ए-गणेश हा वाण कुठल्या प्रयोगशाळेत संकर करून काढलेला नाही. थॉम्पसन सीडलेसच्या वेलावर आलेल्या वेगळ्या फांदीतून तो निवडला गेला. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, नकलेत क्वचित चूक राहते, आणि अशा चुकीनं मण्याचा आकार, लांबी, रंग बदलू शकतो. या चुकीला उत्परिवर्तन म्हणतात. शेतकऱ्याच्या नजरेनं ती हेरली, काडी कलम केली, आणि फरक पसरला.

बुंध्यापाशी वाका, जमिनीपासून थोडं वर एक फुगीर सांधा दिसेल. सांध्याच्या वरचं झाड युरोप-आशियाचं द्राक्ष. खालचा खुंट डॉगरिज, अमेरिकेतल्या रानद्राक्षाच्या प्रजातीचा. खारं पाणी, पाण्याचा ताण तो सोसतो म्हणून लावतात. एका वेलात दोन प्रजाती वर्षानुवर्षं नांदतात, पाणी एकमेकींना देतात, पण जनुकं मिसळत नाहीत. वर येणारा घड वरच्या काडीच्याच गुणाचा. त्याच वाणाची साखर दोन बागांत कमीजास्त भरते ती माती, पाणी, छाटणी यांनी. तो फरक बेण्यातून पुढच्या पिढीत जात नाही.

तासगावात निवड माणसानं केली. सड्यावर ती परिस्थिती करते. कास, चाळकेवाडीचे सडे म्हणजे जांभ्या दगडाचे माथे, मातीचा पातळ थर, नत्राची वानवा. ज्या झाडांना कीटक पकडून नत्र मिळवायची युक्ती साधली ती तिथं टिकली. सीतेची आसवं या नाजूक नावाचं जांभळं फूल आणि चिकट थेंबांचं दवबिंदू ही दोन्ही मांसाहारी आहेत. शिवाय प्रत्येक सडा दऱ्यांनी तोडलेला. जमिनीवर राहणारी बोटाएवढी पाल दरीतलं रान ओलांडून पलीकडच्या सड्यावर जाणार कशी? दोन्हीकडच्या पालींची वीण तुटते, दोन्हीकडे वेगवेगळ्या चुका साठत जातात, काही उपयोगी म्हणून टिकतात, काही निव्वळ योगायोगानं. पुरेसा काळ गेला की दोन प्रजाती होतात. सह्याद्रीत सतत ‘नवं’ सापडतं त्यामागं हेही एक मोठं कारण आहे.

डीएनए मोजला की वाद संपला का?

२००३ पासून एक पद्धत गाजते आहे : प्राण्यांच्या एका ठरावीक जनुकाचा साडेसहाशेएक अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि त्यावरून प्रजाती ओळखायची. ओळख पटवायला ती उत्तमच. २०१८ मध्ये मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात आली, तेव्हा डोक्यावरच्या उलट्या वाय अक्षराबरोबर डीएनएनंही खात्री केली गेली.

पण ‘इतके टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती’ असा एकच आकडा सगळ्या सृष्टीला लागू होत नाही. आणि हा तुकडा फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकर झाला असला तरी बापाचा पत्ता त्यात लागत नाही. भिंग आणि बाटली अजून अडगळीत गेलेली नाहीत ती म्हणून.

मग माणसांचे ‘प्रकार’?

रंग, नाक, केस यांवरून माणसांच्या जैविक जाती पाडण्याचा उद्योग दोनशे वर्षं झाला. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तातल्या प्रथिनांचा हिशोब मांडला : माणसांमधल्या एकूण आनुवंशिक फरकातला सुमारे ८५ टक्के फरक कुठल्याही एकाच लोकसमूहाच्या आत सापडतो. म्हणजे एकाच गावातल्या दोन माणसांत जो फरक असेल, त्यात परमुलखातला माणूस आणला तर थोडीच भर पडते. कातडीचा रंग ऊन कमीजास्त असण्यानुसार हळूहळू बदलत जातो, कुठंही रेघ ओढावी अशी जागा नाही. ‘मग वंशानुसार काही रोग का आढळतात?’ काही जनुकं काही समूहांत जास्त असतात, हे खरं. तेवढ्यानं वेगळी प्रजाती सोडाच, जीवशास्त्राच्या मापानं उपप्रजातीही होत नाही.

यानं शेतकऱ्याला काय मिळतं?

हुमणी या अळीचं घ्या. कृष्णाकाठचा ऊस वाळायला लागला की सगळेच ‘हुमणी लागली’ म्हणतात. पण ती एक नाही. माळावरची हुमणी वेगळ्या जीनसची, नदीकाठची वेगळ्या. माळावरचीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, तेव्हा झाड हलवून ते गोळा करता येतात. दुसरीचा क्रम निराळा, म्हणून एकीचं औषध-वेळापत्रक दुसरीला जसंच्या तसं लावलं तर पैसे मातीत. अळ्या दिसायला दोन्ही पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या. त्या उलट्या करून शेपटाकडच्या टोकाला भिंग लावलं की ताठ बारीक केसांची मांडणी दिसते, तिच्यावरून त्या ओळखतात.

सर्पदंशाचं तर जिवावरचं काम. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार प्रजातींच्या विषावर बनते. पाचव्या सापाचं विष वेगळ्या जडणघडणीचं निघालं की ती पुरी पडेलच असं नाही, आणि एकाच प्रजातीचं विष मुलखामुलखात बदलतं हेही आता माहीत झालं आहे. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदासुद्धा प्रजातींच्या याद्यांवर चालतो. यादीत नाव नाही तर कायद्याला ते जनावर दिसत नाही.

रानात काही वेगळं दिसलं तर

पकडू नका, उपटू नका. कासवर तर फुलाला हात लावायचाच नाही, आणि साप, मगर, घोरपड यांना पकडणं गुन्हा आहे. फोटो मात्र भरपूर काढा : वरून, बाजूनं, जमलं तर पोटाकडून. शेजारी पेन किंवा नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. झाड असेल तर पानाची मागची बाजू आणि देठही घ्या. गाव, ठिकाण, तारीख, वेळ आणि कशावर बसलं होतं ते लिहून ठेवा. जवळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या किंवा वनस्पतिशास्त्राच्या विभागात दाखवा, किंवा आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाका. तिथं जाणकार मंडळी नाव सुचवतात आणि त्यावर हुज्जतही घालतात. तारीख आणि ठिकाण नसलेला फोटो कितीही सुंदर असला तरी अभ्यासकाच्या फारसा कामाचा नसतो, तेव्हा तेवढं विसरू नका.